'मेझोन इक्कोकु' या प्रणयविनोदी ॲनिमे मालिकेचे भावनिक आवाहन : हास्य आणि शोक यांचा अन्योन्यसंबंध

सारांश : १९८६ ते १९८८ या काळात जपानी दूरचित्रवाणीवरून प्रसारित झालेली 'मेझोन इक्कोकु' ही ९६ भागांची मालिका प्रणयविनोदी म्हणून ओळखली जाते, तिच्या केंद्रस्थानी मात्र एका तरुण विधवेचा शोक आहे. विनोदी मालिका शोकाला सामावून कसे घेते आणि त्यातून प्रेक्षकाच्या मनाची पकड कशी घेते, याचे स्पष्टीकरण भारतीय रसविचारातील हास्य, करुण आणि विप्रलंभ या संकल्पनांच्या साहाय्याने करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : ॲनिमे, प्रणयविनोद, हास्य, करुण, विप्रलंभ, वैधव्य, रुमिको ताकाहाशी.

१. प्रस्तावना

जपानी सचेतन चित्रमालिकांना जगभर 'ॲनिमे' या नावाने ओळखले जाते. भारतीय दूरचित्रवाणीवर या मालिका प्रामुख्याने बालप्रेक्षकांसाठी दाखविल्या गेल्यामुळे 'ॲनिमे म्हणजे मुलांची करमणूक' असा समज आपल्याकडील सुशिक्षित वर्गातही दृढ झाला. वस्तुतः जपानमध्ये चित्रकथा आणि त्यांवर आधारित मालिका यांची विभागणी वाचक-प्रेक्षकांच्या वयानुसार केली जाते आणि प्रौढ वाचकांसाठी स्वतंत्र नियतकालिके निघतात. या चित्रकथांना 'मांगा' म्हणतात. प्रेम आणि विनोद यांची सांगड घालणाऱ्या कथांसाठी जपानी भाषेत 'राबुकोमे' असा संक्षिप्त शब्द रूढ आहे. या प्रकारातील कथांची चौकट सामान्यतः ठरलेली असते. नायक-नायिका एकमेकांवर प्रेम करतात, पण ते बोलून दाखवीत नाहीत. गैरसमज होतात, प्रतिस्पर्धी येतात आणि शेवटी मीलन होते.

अशा साच्यातील मालिकेने प्रेक्षकाला हसवावे, हे अपेक्षितच आहे. परंतु काही मालिका हसविता हसविता प्रेक्षकाला अंतर्मुख करतात आणि पाहून संपल्यानंतर अनेक वर्षे स्मरणात राहतात. 'मेझोन इक्कोकु' ही अशा मालिकांपैकी एक महत्त्वाची मालिका होय. तिचे आवाहन 'नायक-नायिकेचे लग्न होईल का' या उत्सुकतेपुरते मर्यादित नाही. ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला तो माणूस कायमचा गेल्यावर पुन्हा प्रेम करणे ही पहिल्या प्रेमाशी प्रतारणा ठरते काय, हा गंभीर प्रश्न तिच्या मुळाशी आहे. या प्रश्नाचे उत्तर मालिका उपदेशातून न देता हास्याच्या आधाराने शोधते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. निर्मिती आणि कथासूत्र

मूळ चित्रकथेच्या लेखिका व चित्रकार रुमिको ताकाहाशी यांचा जन्म १९५७ मध्ये निइगाता येथे झाला. 'उरुसेई यात्सुरा' या १९७८ मध्ये सुरू झालेल्या विनोदी चित्रकथेने त्यांना कीर्ती मिळवून दिली. ती कुमारवयीन वाचकांच्या साप्ताहिकात प्रसिद्ध होत असतानाच, १९८० मध्ये शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने तरुण-प्रौढ वाचकांसाठी सुरू केलेल्या 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या नियतकालिकात त्यांनी 'मेझोन इक्कोकु' लिहावयास घेतली. ही कथा १९८७ पर्यंत चालली आणि १५ खंडांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. स्टुडिओ दीन या संस्थेने तिची ॲनिमे मालिका तयार केली. फुजी दूरचित्रवाणीवर मार्च १९८६ ते मार्च १९८८ या दोन वर्षांत तिचे ९६ भाग दाखविले गेले. काझुओ यामाझाकी, ताकाशी आन्नो आणि नाओयुकी योशिनागा यांनी क्रमाने तिचे दिग्दर्शन केले.

कथानक तोक्यो परिसरातील एका जुन्या, लाकडी, दुमजली भाड्याच्या घरात घडते. युसाकु गोदाई हा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत अनुत्तीर्ण झालेला तरुण तेथे राहतो. अशा विद्यार्थ्यांना जपानीत 'रोनिन' म्हणतात. मूळ अर्थ स्वामी नसलेला सामुराई. शेजाऱ्यांच्या गोंगाटाला कंटाळून तो घर सोडण्याच्या तयारीत असतानाच क्योको ओतोनाशी ही तरुणी व्यवस्थापिका म्हणून तेथे येते आणि गोदाईचा निर्णय बदलतो. लवकरच कळते की, क्योको विधवा आहे. शाळेत असताना तिथल्या सोइचिरो नावाच्या शिक्षकावर तिचे प्रेम जडले, शिक्षण संपताच तिने त्याच्याशी विवाह केला आणि अवघ्या काही महिन्यांत तो मरण पावला. घराचे मालक असलेल्या सासऱ्यांनी तिचे मन रमावे म्हणून तिला हे काम दिले आहे. यानंतरची सहा-सात वर्षे हा कथेचा अवकाश होय. चित्रकथा वाचणाऱ्यांसाठी तर पात्रांचे वय आणि दिनदर्शिका जवळजवळ बरोबरीने पुढे सरकत होती.

३. घर, नावे आणि थांबलेला काळ

शीर्षकातील 'मेझोन' हा घर या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे आणि जपानमध्ये निवासी इमारतींच्या नावांत तो डौलासाठी वापरला जातो. 'इक्कोकु' याचा अर्थ एक क्षण. मोडकळीस आलेल्या, गळक्या छपराच्या घराला असे भारदस्त नाव असणे हाच पहिला विनोद आहे. परंतु या घराच्या माथ्यावर घड्याळाचा मनोरा आहे आणि ते घड्याळ बंद पडलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नावाचा दुसरा अर्थ उलगडतो. क्योकोचे आयुष्य एका क्षणाशी येऊन थांबले आहे. गोदाईचेही परीक्षेपाशी अडले आहे. कथा या दोघांना पुन्हा काळाच्या ओघात आणते.

पात्रांच्या आडनावांतही योजना दिसते. पहिल्या खोलीतील इचिनोसे, चौथ्या खोलीतील योत्सुया, पाचव्यातील गोदाई, सहाव्यातील रोप्पोंगी या प्रत्येकाच्या आडनावातील पहिल्या लिपिचिन्हाचा अर्थ अनुक्रमे एक, चार, पाच आणि सहा असा आहे. प्रतिस्पर्धी मिताका याच्या नावात तीन, गोदाईची मैत्रीण नानाओ हिच्या नावात सात, त्याच्या प्रेमात पडलेली विद्यार्थिनी यागामी हिच्या नावात आठ, तर मिताकाशी विवाह ठरविली गेलेली कुजो हिच्या नावात नऊ हा अंक येतो. क्योकोचे सासरचे आडनाव 'ओतोनाशी' याचा शब्दशः अर्थ 'ध्वनिविरहित' असा असून त्यातील 'नाही' या अर्थाचे चिन्ह या मालेत शून्य म्हणून वाचले जाते. तिच्या माहेरच्या 'चिगुसा' या आडनावात हजार हा अंक आहे. हा केवळ शब्दखेळ म्हणून सोडून देता येईल. तथापि, सर्व अंक ज्या शून्याभोवती मांडले गेले आहेत, ते शून्य म्हणजे एका मृत माणसाचे आडनाव आहे, ही गोष्ट कथेच्या आशयाशी पूर्णतः सुसंगत आहे.

४. हास्याचे कार्य

भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात शृंगारापासून हास्याची उत्पत्ती होते, असे मत मांडले आहे. शृंगाराचे अनुकरण, विशेषतः विसंगत अनुकरण, हास्यास कारण होते. ही चौकट जपानी निर्मात्यांसमोर होती असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. केवळ आकलनाचे साधन म्हणून ती उपयुक्त आहे. गोदाईचे प्रेम अकृत्रिम आहे, परंतु त्याचे प्रत्येक प्रकटीकरण फसते. तो मद्याच्या अमलाखाली रस्त्यात उभा राहून आपले प्रेम ओरडून जाहीर करतो आणि शुद्धीवर आल्यावर लाजेने खचतो. तो मनोराज्यात रमतो, ते मनोराज्य प्रेक्षकाला दिसते आणि दुसऱ्याच क्षणी वास्तव त्याला खाली आदळते. भाव खरा आहे, अनुभाव मात्र चुकतात. म्हणून प्रेक्षक गोदाईला हसतो, पण त्याचा तिरस्कार करीत नाही.

घरातील इतर भाडेकरू हे हास्याचे दुसरे उगमस्थान होय. इचिनोसेबाई, मद्यालयात काम करणारी अकेमी रोप्पोंगी आणि ज्याचा व्यवसाय कोणालाच ठाऊक नाही असा योत्सुया हे तिघे गोदाईच्या खोलीत रात्री-अपरात्री मैफली जमवितात. योत्सुया तर भिंतीला भगदाड पाडून त्यातून ये-जा करतो. खाजगीपणा नावाची वस्तू या घरात नाही. चाळीत एकाचे गुपित सर्वांचे होते, त्यातलाच हा प्रकार. जपानच्या 'राकुगो' या कथनकलेत एदो काळातील 'नागाया' म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या रांगांमधील रहिवाशांच्या गमतीजमती सांगितल्या जातात. 'मेझोन इक्कोकु' त्या परंपरेतील भाडेकरूंचे नवे रूप वाटते.

नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. या मालिकेत भाडेकरूंचे हास्य अतिहसिताच्या टोकाला जाते, तर क्योको बहुधा स्मितापाशी थांबते. पण तीही हळूहळू या गोंगाटात ओढली जाते. येथे हास्याचे खरे कार्य स्पष्ट होते. शोकमग्न माणसाला एकांत प्रिय असतो आणि एकांतात शोक गोठत जातो. हे घर क्योकोला एकांत मिळू देत नाही. भाडेकरूंच्या आगाऊपणामुळे तिला रागवावे लागते, छप्पर दुरुस्त करावे लागते, अंगण झाडावे लागते, दारुड्यांना सांभाळावे लागते. तिचे सांत्वन कोणीही करीत नाही, आणि त्यामुळेच तिचे सांत्वन होते.

५. करुण आणि विप्रलंभ यांच्या सीमेवर

शोक आणि विरह वरकरणी सारखेच दिसतात. अश्रू, चिंता, निद्रानाश ही लक्षणे दोहोंतही आढळतात. भरताने त्यांतील भेद एका शब्दात सांगितला आहे : करुण हा निरपेक्ष, तर विप्रलंभ शृंगार हा सापेक्ष असतो. म्हणजे करुणात भेटीची आशा संपलेली असते. विप्रलंभात ती शिल्लक असते. या भेदाच्या प्रकाशात पाहिल्यास 'मेझोन इक्कोकु'च्या भावनिक रचनेचे मर्म ध्यानात येते. क्योकोच्या मनात एकाच वेळी दोन भाव नांदतात. सोइचिरोविषयीचा तिचा भाव निरपेक्ष, म्हणून करुणाचा; गोदाईविषयीचा सापेक्ष, म्हणून शृंगाराचा. आशा निर्माण झाली, याचीच तिला अपराधी जाणीव होते. दुसऱ्यावर प्रेम जडले तर पहिले प्रेम खोटे होते असा त्याचा अर्थ होईल, ही भीती तिच्या वागण्यामागे सतत असते.

साहित्यदर्पणकार विश्वनाथाने विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार मानले आहेत. गोदाईची दीर्घ अवस्था पूर्वरागाची आहे. क्योकोचे वर्तन मानाचे उत्तम उदाहरण ठरते. गोदाई दुसऱ्या मुलीबरोबर दिसला की ती रुसते, अबोला धरते, मात्र रुसण्याचे कारण स्वतःशीही मान्य करीत नाही. आपल्याला त्याच्याविषयी काही वाटते हे कबूल केल्याखेरीज मत्सराचा अधिकार पोचत नाही आणि कबूल करण्याची तिची तयारी नाही. या पेचातून मालिकेतील बरेचसे विनोदी प्रसंग निर्माण होतात. म्हणजेच तिचा रुसवा प्रेक्षकाला हसवितो, पण त्याचे मूळ शोकात आहे. हास्य आणि शोक येथे शेजारी ठेवलेले नाहीत. एकातून दुसरे उगवले आहे.

६. चेहरा नसलेला प्रतिस्पर्धी

प्रणयविनोदी कथेत प्रतिस्पर्धी आवश्यक असतो. टेनिस-प्रशिक्षक शुन मिताका हा देखणा, श्रीमंत आणि आत्मविश्वासू तरुण ती गरज भागवितो. परंतु गोदाईचा खरा प्रतिस्पर्धी मृत सोइचिरो आहे. संपूर्ण मालिकेत सोइचिरोचा चेहरा प्रेक्षकाला दाखविलेला नाही. स्मृतिदृश्यांत तो नेहमी छायेत राहतो. त्यामुळे त्याची तुलना कोणाशीच करता येत नाही. जिवंत प्रतिस्पर्ध्याचे दोष दिसतात, त्याच्याशी भांडता येते. मृताशी भांडता येत नाही, आणि जिंकताही येत नाही.

ताकाहाशी यांनी या गंभीर कल्पनेला एका विनोदी युक्तीची जोड दिली आहे. क्योकोच्या पांढऱ्या कुत्र्याचेही नाव सोइचिरो आहे. पतीला हाक मारलेली ऐकून ऐकून हे कुत्रे त्याच नावाला ओ देऊ लागले, असा खुलासा होतो. परिणामी जे नाव उच्चारताना घरातील सर्वांनी गंभीर व्हावे, तेच नाव दिवसातून दहादा खाणे देताना, फिरावयास नेताना घेतले जाते. त्यातच मिताकाला कुत्र्यांची विलक्षण भीती वाटते. तो क्योकोच्या जवळ येऊ लागला की सोइचिरो आडवा येतो. प्रेक्षक हसतो ते कुत्र्याला. परंतु क्योकोपर्यंत पोहोचावयाचे असेल तर सोइचिरोला ओलांडून जाता येणार नाही, हा कथेतील सर्वांत कठीण नियम त्याच्या नकळत त्याला समजलेला असतो. मिताकाच्या शोकांत प्रहसनातही कुत्रीच निमित्त होतात. असुना कुजोच्या कुत्रीच्या गर्भारपणाची वार्ता तो असुनाविषयी समजतो आणि जबाबदारी म्हणून विवाहास संमती देऊन बसतो. हा माणूस हास्यास्पद ठरतो. पण दिलेला शब्द पाळतो म्हणून आदरणीयही राहतो.

यागामी या विद्यार्थिनीचे उपकथानकही याच दृष्टीने पाहावयास हवे. क्योकोच्या जुन्या शाळेत गोदाई अध्यापनाच्या सरावासाठी जातो आणि यागामी त्याच्या प्रेमात पडते. शिक्षकावर प्रेम करणारी धीट मुलगी म्हणजे क्योकोचा स्वतःचा भूतकाळ. त्या मुलीवर रागावताना क्योको एका अर्थाने स्वतःच्या गतायुष्याशी भांडत असते.

७. सामाजिक संदर्भ

मराठी वाचकाला विधवाविवाहाचा प्रश्न सुधारणा-चळवळीचा प्रश्न म्हणून परिचित आहे. रूढी आड येते आणि सुधारक तिच्याशी झुंजतो, असे त्याचे रूप आपल्या मनात असते. क्योकोच्या बाबतीत परिस्थिती भिन्न आहे. १९८० च्या दशकातील जपानी कायद्यात स्त्रीच्या पुनर्विवाहासाठी सहा महिन्यांच्या प्रतीक्षेची अट होती. ती २०१६ मध्ये शंभर दिवसांवर आली आणि एप्रिल २०२४ पासून रद्द झाली. या अटीपलीकडे क्योकोला कोणताही अडसर नव्हता. उलट तिचे आईवडील सासरचे आडनाव सोडण्याचा आग्रह धरतात आणि सासरेही तिच्या नव्या संसाराच्या आड येत नाहीत. जपानी कायद्यानुसार पतीच्या निधनानंतर स्त्रीला पूर्वीचे आडनाव धारण करता येते. क्योको ते करीत नाही, कारण 'ओतोनाशी' हे आडनाव म्हणजे सोइचिरोचा तिच्यापाशी उरलेला अंश आहे. अडथळा पूर्णतः अंतर्गत आहे. त्यामुळेच तो कोणी दूर करू शकत नाही.

तत्कालीन जपानी समाजात पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रीची तुलना २५ डिसेंबरनंतर शिळ्या होणाऱ्या नाताळच्या केकशी केली जाई. अशा वातावरणात एका स्त्रीने आपला काळ आपणच ठरवावा, हे लक्षणीय आहे. मालिका सुरू झाली त्यानंतर लगेच, एप्रिल १९८६ मध्ये, स्त्री-पुरुषांना रोजगारात समान संधी देणारा कायदा जपानमध्ये अमलात आला. मालिका या विषयावर भाष्य करीत नाही. मात्र तिच्या नायकाची वाटचाल प्रचलित पुरुषार्थाच्या कल्पनेला छेद देते. पदवीनंतर गोदाईला मिळालेली नोकरी कंपनी बुडाल्याने हातची जाते. तो बालवाडीत तात्पुरते काम करतो, तेथूनही कमी केला जातो, मग एका कॅबरेत काम करणाऱ्या स्त्रियांची मुले सांभाळतो आणि अखेर शिशुसंगोपनाची परीक्षा उत्तीर्ण होतो. भरभराटीच्या काळातील जपानचा आदर्श पुरुष म्हणजे मोठ्या कंपनीतील नोकरदार. त्याऐवजी लेखिकेने आपला नायक मुलांना हसविणारा, त्यांचे रडणे थांबविणारा दाखविला. शोकग्रस्त स्त्रीजवळ राहण्यासाठी जो संयम लागतो, तोच संयम या व्यवसायातही लागतो, ही संगती सहज लक्षात येते.

८. माध्यमाचे सामर्थ्य

चित्रकथेचे मालिकेत रूपांतर होताना ध्वनी आणि गती यांची भर पडली. क्योकोला आवाज देणाऱ्या सुमी शिमामोतो यांनी १९८४ च्या 'नाउसिका' या चित्रपटातील नायिकेलाही आवाज दिला होता. त्यांच्या मृदू, संयत स्वरामुळे क्योकोचे मौनही बोलके होते. गोदाईच्या भूमिकेतील इस्सेई फुतामाता यांचा काहीसा कापरा, घाईचा स्वर त्याच्या अगदी उलट आहे. मालिकेच्या पहिल्या शीर्षकगीताच्या नावाचा अर्थ 'दुःखा, नमस्कार' असा आहे. विनोदी मालिकेचे आरंभीचे बरेचसे भाग दुःखाला अभिवादन करून सुरू व्हावेत, हे सूचक म्हटले पाहिजे.

दृश्यांची पुनरावृत्ती हे मालिकेचे आणखी एक साधन. पिलाचे चित्र असलेला एप्रन घालून अंगण झाडणारी क्योको प्रेक्षकाला पुन्हापुन्हा दिसते. झाडू तोच असतो. खाली पडलेली पाने, बर्फ वा चेरीच्या पाकळ्या मात्र ऋतूनुसार बदलतात. थांबलेल्या घड्याळाखाली काळ कसा सरकतो, हे याहून सोप्या रीतीने दाखविता आले नसते. घरात सर्वांसाठी मिळून एकच दूरध्वनी असल्याने निरोप चुकतात, अर्धवट ऐकले जातात आणि सर्वांना कळतात. भ्रमणध्वनीच्या युगातील प्रेक्षकाला हे गैरसमज जुने वाटतील, तरी प्रतीक्षेची जी तीव्रता त्यांतून निर्माण होते ती आजही जाणवते.

संबोधनाचा वापरही विचारार्ह आहे. बहुतांश काळ गोदाई क्योकोला 'कान्रिनिन-सान', म्हणजे 'व्यवस्थापिकाबाई', असे पदनामानेच संबोधतो; 'क्योको-सान' हे नाव बहुधा त्याच्या मनात, मनोराज्यात किंवा नशेत येते. जपानी भाषेत संबोधनातून माणसामाणसांतील अंतर मोजले जाते. मराठीतील 'अहो-जाहो' आणि 'अरे-तुरे' यांतील अंतर जाणणाऱ्या वाचकाला या संकोचाचे मोल निराळे सांगावयास नको. पदनामापासून नावापर्यंतचा प्रवास हाच या दोघांचा प्रणय आहे.

९. समाधीपाशी मिळालेले उत्तर

मालिकेच्या अखेरच्या टप्प्यातील सोइचिरोच्या समाधीचा प्रसंग हा तिच्या भावनिक रचनेचा कळस होय. विवाह निश्चित झाल्यानंतर गोदाई एकटाच समाधीपाशी जाऊन मृताशी बोलतो. क्योकोशी पहिली भेट झाली तेव्हापासूनच तू तिच्या अंतःकरणाचा भाग होतास, म्हणून तुझ्यासह मी तिचा स्वीकार करतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. तेथे आलेली क्योको हे त्याच्या नकळत ऐकते. आरंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. नवे प्रेम जुन्या प्रेमाला पुसून टाकत नाही, कारण ज्या क्योकोवर गोदाईने प्रेम केले ती सोइचिरोच्या प्रेमातून आणि शोकातूनच घडलेली आहे. प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याऐवजी त्याला घरात जागा देणे, हा प्रणयकथेच्या नेहमीच्या तर्काला छेद देणारा शेवट आहे.

याची दुसरी बाजू क्योकोच्या अटीत दिसते. गोदाईने आपल्यापेक्षा निदान एक दिवस तरी अधिक जगावे, एवढेच ती त्याच्याकडे मागते. धन, कीर्ती, वचननिष्ठा यांतले काहीच नव्हे. ही मागणी पूर्ण करणे मनुष्याच्या हाती नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. एकदा निरपेक्ष शोक भोगलेली स्त्री पुन्हा सापेक्ष होण्याचे धाडस करते, तेव्हा तिची भीती याच शब्दांत प्रकटणार. कथेतील सहा-सात वर्षे गोदाईच्या फजितीला हसलेला प्रेक्षक या ठिकाणी गंभीर होतो. मालिकेने हा गंभीर क्षण आयता घेतला नाही, हसविता हसविता कमावला, म्हणून तो भावविवश वाटत नाही.

१०. समारोप

'मेझोन इक्कोकु'च्या आवाहनाची कारणे संक्षेपाने पुढीलप्रमाणे मांडता येतील. पहिले, मालिकेतील हास्य शोकाला झाकीत नाही. शोकाबरोबर जगण्याची सवय लावते. दुसरे, नायिकेचा अडथळा बाह्य नसून आंतरिक असल्यामुळे तिला दिलेला वेळ हा कथेचा रेंगाळलेपणा न ठरता आशयाची गरज ठरतो. तिसरे, मृत पतीला विसरून नव्हे, तर त्याला सोबत घेऊन नवे आयुष्य सुरू करता येते, असे उत्तर ती देते.

पुढील काळात प्रणयविनोदी ॲनिमेची परंपरा विस्तारली. २००० मधील 'लव्ह हिना' या मालिकेत प्रवेशपरीक्षेत अनुत्तीर्ण झालेला तरुणच निवासगृहाचा व्यवस्थापक झाला, तेव्हा जुन्या मांडणीची उलटापालट जाणकारांच्या सहज लक्षात आली. परंतु नायक-नायिकेचे मीलन लांबविण्यासाठी योजलेले गैरसमज आणि एका माणसाच्या शोकाला लागणारा खरा वेळ यांत मूलभूत अंतर आहे. वर्गात साहित्यविचार शिकविताना करुण आणि विप्रलंभ यांतील भेद विद्यार्थ्यांना बहुधा संस्कृत नाटकांतील उदाहरणांनी समजावून दिला जातो. तोच भेद अंगण झाडणाऱ्या एका तरुण विधवेच्या आणि तिच्या कुत्र्याच्या गोष्टीतूनही तितक्याच स्पष्टपणे समजू शकतो. ॲनिमे पाहत वाढलेल्या पिढीसमोर शिकविताना अशा कलाकृती क्षुल्लक मानून बाजूला न सारता अभ्यासविषय म्हणून हाताळणे, म्हणूनच उचित ठरेल.